नजर पुरे, आता हिशेब मांडा

लातूरच्या गंजगोलाईपासून चालत पाच-सात मिनिटांवर एका सभागृहात जुनी नाणी आणि टपाल तिकिटं यांचं छोटं प्रदर्शन भरलं होतं. शेवटच्या दिवशी एका ज्येष्ठ संग्राहकांचं भाषण झालं. वयाने आणि संग्रहाने ते माझ्याहून कितीतरी मोठे. त्यांचं नाव इथे घेत नाही, कारण भांडण त्यांच्या मताशी आहे. भाषण संपल्यावर कंधारहून आलेली नववीतली एक मुलगी वहीच्या पानात जपलेलं निजामाच्या काळातलं अर्ध्या आण्याचं तपकिरी तिकीट घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिकीट ट्यूबलाइटकडे धरलं आणि तीन सेकंदांत निकाल दिला, "अस्सल आहे गं. जप." टाळ्या पडल्या.

माझी तक्रार त्या तीन सेकंदांविषयी आहे.

भाषणात त्यांनी तीन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. पहिली : खरं-खोटं ओळखायला नजर लागते, ती चाळीस वर्षांनी येते, पुस्तकातून येत नाही. दुसरी : निजामी तिकिटांना किंमत ती काय, शंभर-दोनशे रुपयांच्या मालाची नक्कल कोण कशाला करील? तिसरी : आपल्याकडच्या जुन्या वाड्यातल्या पेटीतून निघालेली वस्तू खोटी असूच शकत नाही. तिन्ही वाक्यं कानाला गोड लागतात, आणि तिन्ही चूक आहेत. नुसती चूक असती तर मी गप्प बसलो असतो. पण नवशिक्यांना लुबाडायला व्यापारी नेमकी हीच तीन वाक्यं वापरतात, आणि एका जाणत्या माणसाने ती व्यासपीठावरून फुकट वाटली.

आधी नजरेचं पाहू. नजरेला मी नावं ठेवत नाही. सराफाच्या हातात बांगडी पडताच त्याची भुवई वर जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण तो भुवईवर भाव सांगत नाही. कसोटीचा दगड काढतो, बांगडी घासतो, मग बोलतो. भुवईने शंका येते, निकाल दगड देतो. आमच्या छंदात मात्र भुवईलाच न्यायाधीश करून टाकलंय.

नजर किती पुरते, याचा सगळ्यात बोलका किस्सा झां द स्पेराती या माणसाचा. जन्माने इटालियन, राहणं फ्रान्समध्ये, धंदा तिकिटांच्या नकला करण्याचा. १९४२ मध्ये फ्रेंच कस्टमने त्याने लिस्बनला पाठवलेली तिकिटं अडवली. एवढा मौल्यवान माल जाहीर न करता बाहेर नेतोस, म्हणून खटला भरला. तज्ज्ञांनी भिंगाखाली तपासून ती अस्सल ठरवली. आणि स्पेरातीवर वेळ अशी आली, की ही माझ्या हातची नक्कल आहे, हे कोर्टाला त्यालाच पटवून द्यावं लागलं! त्याची युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. तो त्या काळातलंच एखादं स्वस्त, अस्सल तिकीट घ्यायचा, त्यावरची छपाई रसायनाने धुऊन काढायचा आणि त्याच कागदावर महागाचं तिकीट छापायचा. कागद खरा, जलचिन्ह खरं, दातेरी कडा खरी, कधीकधी तर टपालाचा शिक्कासुद्धा खरा. खोटं काय, तर फक्त चित्र. "कागद बघितला की मला कळतं" म्हणणाऱ्यांनी हे नाव मनात कोरून ठेवावं. तेही लांबचं वाटत असेल तर आपल्याकडचं तेलगी प्रकरण आठवावं. नाशिकच्या सरकारी छापखान्यातून भंगारात निघालेली यंत्रं हाती आल्यावर त्याचे बनावट मुद्रांक वर्षानुवर्षं भल्याभल्यांच्या हातांखालून गेले. त्या भल्याभल्यांनाही डोळे होतेच.

नजरेचा दुसरा धोका याच्या उलटा आहे : ती खऱ्यालाही खोटं ठरवते. हैदराबाद संस्थानाचं पहिलं तिकीट ८ सप्टेंबर १८६९ ला निघालं, एक आण्याचं, हिरवट रंगाचं. त्याची प्लेट लंडनमध्ये बनली होती. पुढच्या वर्षीची अर्ध्या आण्याची आणि दोन आण्यांची तिकिटं मात्र इथल्याच कारागिरांनी कोरली. प्लेटवर २४० तिकिटं, आणि प्रत्येक तिकीट हाताने वेगळं कोरलेलं. म्हणजे एकाच किमतीच्या तिकिटाचे २४० चेहरे. कुठे रेघ जाड, कुठे अक्षर आखूड. नांदेडला वजिराबादेत एका दुकानात मी स्वतः ऐकलंय : "ही दोन शेजारी ठेवा. जुळतात का? नाही ना? मग एक डुप्लिकेट." अहो, ती जुळणारच नाहीत! दोन्ही तंतोतंत सारखी निघाली, तर ती दोन्ही प्लेटवरच्या एकाच जागेवरची आहेत की एकाच फोटोवरून काढलेली, असा प्रश्न पडायला हवा. २४० हा आकडा माहीत असल्याशिवाय चाळीस वर्षांच्या नजरेलाही हे दिसत नाही, आणि तो आकडा पुस्तकात असतो.

आता दुसरा मुद्दा, स्वस्ताची नक्कल कोण करील? जगातल्या नकलांचा मोठा भाग स्वस्त मालाचाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या शाळकरी पोरांसाठी तिकिटांची पाकिटं विकली जायची. त्यांत दूरदूरच्या संस्थानांची तिकिटं भरायची असत, आणि तेवढी खरी मिळत नसत. मग छापायची. जिनिव्हाचा फ्रांस्वा फूर्निए तर आपल्या नकलांचं छापील दरपत्रक काढून उघडपणे विकत असे. त्याचं म्हणणं, गरिबालाही अल्बमची मोकळी जागा भरता यावी. १९१७ मध्ये तो वारला. पुढे तिथल्या संग्राहकांच्या संघाने उरलेला साठा विकत घेतला, ओळख पटावी म्हणून नमुन्यांचे अल्बम केले आणि बाकीचा माल नष्ट केला. पण तोवर विकल्या गेलेल्या नकला अल्बमांतून, लिलावांतून, वारशांतून फिरतच राहिल्या.

आणि स्वस्तपणा हे खोटेपणाचं सगळ्यात सुरक्षित घर आहे. दहा लाखांचं तिकीट विकत घेताना माणूस लंडनहून प्रमाणपत्र मागवतो. गांधीजींचं १९४८ चं दहा रुपयांचं तिकीट घेताना आता पोरंसोरंसुद्धा जपून असतात, कारण त्याच्या नकला गावोगावी झाल्या आहेत, हे सर्वांना माहीत आहे. पण दोनशे रुपयांच्या निजामी तिकिटासाठी भिंग कोण काढतो? पाचशे जणांकडून दोनशे-दोनशे घेतले की लाख रुपये होतात, आणि पाचशेतला एकही पोलिसात जात नाही.

निजामी तिकिटांत तर याहून सोपी सोय आहे. संस्थानाच्या कचेऱ्यांसाठी साध्या तिकिटावर फारसी लिपीत 'सरकारी' असा छाप मारला जाई. साध्या तिकिटापेक्षा त्याच तिकिटाच्या सरकारी नगाला काही वेळा बरीच जास्त किंमत येते. मग तिकीट छापायची गरजच काय? खरं स्वस्त तिकीट घ्या, वर 'सरकारी' मारा. स्टॅनले गिबन्सचा कॅटलॉग कित्येक वर्षं हाच इशारा देतोय, की अस्सल तिकिटांवर आणि पुनर्मुद्रणांवरही हा छाप खोटा मारलेला सापडतो. आडवा, उभा, लालच्या नाना छटांत, किरमिजी, काळा. निजामी तिकिटांची नक्कल कोणी करत नाही, म्हणे!

या जागी मी स्वतः फसलोय, तेही सांगून टाकतो. लाल 'सरकारी' छापाचं एक आण्याचं वापरलेलं तिकीट मी एका फिरत्या विक्रेत्याकडून दीड हजाराला घेतलं होतं. नजरेला ते अप्रतिम होतं. दोन वर्षं अल्बममध्ये मिरवलं. एकदा दिवाळीच्या साफसफाईत अल्बम खाली काढला आणि सहज दहापट भिंग लावलं. टपालाच्या काळ्या शिक्क्याची कमान डावीकडून येत होती आणि 'काफ'च्या लांब रेघेला छेदून पुढे जात होती. छेदाच्या जागी काळं वर असायला हवं, कारण छाप कचेरीत येण्याआधीच पडतो आणि शिक्का टपालात टाकल्यावर बसतो. माझ्या तिकिटावर लाल वर होतं. काळी रेघ लालाच्या काठाशी येऊन बुडत होती आणि पलीकडे पुन्हा वर येत होती. तिकीट तिरपं धरून दिव्याखाली पाहिलं, तरी तेच. म्हणजे तिकीट आधी टपालातून प्रवास करून आलं आणि मग सरकारी झालं. आधी बारसं, मग लग्न! दोन वर्षं माझी नजर ज्यावर खूश होती, त्याचा निकाल एका छेदबिंदूने दिला.

दोन शायांत वरची कोणती, हे प्रत्येक वेळी इतकं स्वच्छ दिसत नाही, हेही खरं. शाई जुनी झाली की कागदात मुरते. अशा वेळी "ठरत नाही" म्हणायचं. आमच्या क्षेत्रात हे दोन शब्द मी फार कमी ऐकले आहेत.

तिसरा मुद्दा पेटीचा, आणि तो मला सगळ्यात जास्त बोचतो. वाड्यातली पेटी, पणजोबांचं कुलूप, आत केशरी फडक्यात बांधलेले कागद. हे चित्र इतकं मोहक आहे, की त्याला प्रश्न विचारणं म्हणजे पणजोबांवर आळ घेणं वाटतं. पण पेटीत ठेवलेली वस्तू पेटीइतकीच जुनी असते, हे कुणी ठरवलं? पणजोबांनाही कुणी फसवलं असेल. आजोबांनी शाळेत असताना युरोपातून आलेलं स्वस्त पाकीट घेतलं असेल. आणि मराठवाड्यात तर पेटीला एक प्रश्न विचारलाच पाहिजे : १९४८ साली ही पेटी कुठे होती? रझाकारांच्या काळात गावंच्या गावं हलली. माणसं सोलापूर, बार्शी, विदर्भाच्या हद्दीत छावण्यांत राहिली. पोलीस ॲक्शननंतर अनेक मुस्लिम घरांवरही तीच पाळी आली. पळताना माणूस भाकरी आणि पोर उचलतो, टपालाची पाकिटं नाही. ज्या घरात त्या वर्षी कुणी राहिलंच नव्हतं, त्या घराची 'कधीच न उघडलेली' पेटी ऐकली, की मी खुर्ची थोडी पुढे ओढतो. यात कुणाचा अपमान नाही. उलट त्या घरावर काय गुजरलं, ते विचारण्याची हीच एक सभ्य पद्धत आहे.

आणि 'कागद पिवळा पडलाय' हा पुरावा तर ऐकूच नये. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद शंभर वर्षांचा दिसतो. सराफाकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली तिकीट धरून पाहावं. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी जे द्रव्य घालू लागले, ते त्या प्रकाशात निळसर पांढरं चमकतं. १८७१ चं म्हणवणारं तिकीट असं उजळलं, तर काहीतरी बिघडलंय. खात्री मात्र तिथेही करायची नाही, कारण एखाद्या भोळ्या माणसाने खरं तिकीट धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात भिजवून सोडवलं असेल, तरी ते चमकतं.

मग करायचं काय? हिशेब. तिकीट म्हणजे प्रवासाचं भाडं. ते कुठून निघालं, कुठे गेलं, केव्हा, आणि तेवढ्या भाड्यात जाऊ शकलं असतं का, हे विचारायचं. आणि इथे पुण्या-मुंबईच्या किंवा लंडनच्या तज्ज्ञापेक्षा नांदेड-लातूरच्या माणसाची बाजू भक्कम आहे. कारण उत्तरं आपल्या घरच्या इतिहासात आहेत.

कुठून कुठे? निजामाची तिकिटं संस्थानाच्या हद्दीतच चालत. हद्दीबाहेर पत्र पाठवायचं तर ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लागे. नांदेडहून थेट पुण्याला गेलेल्या पाकिटावर एकटं निजामी तिकीट दिसलं, तर त्याने हद्द ओलांडली कशी, हे आधी विचारा. लातूर-बार्शीतही हीच हद्द होती. बार्शी लाइटची छोटी गाडी लातूरला पोचली १९११ साली, तेव्हा त्याआधीच्या पाकिटावर लातूर स्टेशनच्या कहाण्या कुणी सांगू लागलं, की गाडीच्या आधी पत्र कसं उतरलं, हेही विचारा.

केव्हा? संस्थानाचा कारभार फसली सनात चाले. आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात, वर्ष बदलायचं. फसली सनात ५९० मिळवा, जानेवारी उजाडला की ५९१. साधी बेरीज आहे. पण आपल्या घरांत हे येणारी शेवटची पिढी गेली, आणि आपण फसली आकडा पाहिला की 'जुनं दिसतंय' म्हणून पुढे जातो. शिक्क्यावरची फारसी अक्षरं तर आपल्याला नक्षीच वाटतात. नांदेडात इतवाऱ्यात जरा फिरलात तर ती नक्षी वाचून दाखवणारा माणूस चहाच्या पेल्याएवढ्या वेळात भेटतो. विचारायला तेवढं जावं लागतं.

कुठला जिल्हा? याची गंमत मागच्या वर्षी झाली. एका गृहस्थांनी मला नांदेडहून उदगीरला गेलेलं पाकीट दाखवलं. आतल्या पत्रावर फसली १३३८. पाकिटावर चारमिनारचं एक आण्याचं तिकीट. पत्ता मोडीची लकब असलेल्या देवनागरीत, सुरेख : मुक्काम उदगीर, जिल्हा लातूर. मी पत्ता दोनदा वाचला. फसली १३३८ म्हणजे १९२८-२९. उदगीर त्या वेळी बीदर जिल्ह्यात होतं आणि १९५६ पर्यंत तिथेच राहिलं. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. शिवाय चारमिनारचं ते तिकीटच १९३१ साली निघालं. त्याच मालिकेत आठ आण्यांवर अजिंठा आणि रुपयावर दौलताबाद आहे, म्हणजे आपल्या मराठवाड्याची आद्य तिकिटंच ती. तेव्हा पत्र लिहून झाल्यावर तिकीट निघायची दोन-तीन वर्षं आणि जिल्हा व्हायची पन्नासेक वर्षं वाट पाहून हे पाकीट टपालात पडलं होतं! त्यातलं तिकीट खरं होतं, पत्रही बहुधा खरं. खोटा होता तो फक्त त्यांचा संसार. गृहस्थ म्हणाले, "नजरेला तर चांगलं वाटतं." वाटणारच. ज्याने बनवलं, त्याच्याही नजरेला ते चांगलंच वाटलं असणार.

हिशेब उलटही वापरावा लागतो. १७ सप्टेंबर १९४८ नंतरचा शिक्का निजामी तिकिटावर दिसला, की काहीजण लगेच 'बनावट' म्हणतात. संस्थान खालसा झालं म्हणून दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीतली पेटी रिकामी होत नाही. राज्याची तिकिटं त्यानंतरही काही काळ चालू होती. मुक्तीची तारीख आपल्या मनात ठळक आहे. टपालखात्याने त्या तारखेला दुकान बंद केलं नव्हतं.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. इतकं मोजमाप केलं, तर छंदातला आनंद जातो. मला उलट अनुभव आला. माझ्या अल्बममधल्या दीड हजाराच्या खोट्या तिकिटाने जेवढं शिकवलं, तेवढं पन्नास खऱ्यांनी शिकवलं नाही. आणि ज्येष्ठांनी तिकीट पाहून "अस्सल" म्हणणं, आपण मान डोलावणं, हा आनंद कुणाचा? त्यात पाहणारा एकटाच असतो, बाकीचे नुसते टाळ्या वाजवतात. मोजपट्टी मात्र कुणाच्याही हातात तेवढीच खरी असते.

कंधारच्या त्या मुलीकडे परत येतो. भाषणानंतर ती बाहेर चहाच्या टपरीपाशी तिच्या वडिलांबरोबर थांबली होती. मी विचारलं, "पाहू का गं?" तिने वही उघडली. तिकिटावर शिक्का नव्हता. माझ्या पाकिटात दात्यांची मोजपट्टी असते, एक साधं कार्ड. दोन सेंटीमीटरमध्ये किती भोकं पडतात, ते त्यावर मोजता येतं. कार्ड तिच्याच हातात दिलं. १८७० ची अस्सल तिकिटं त्या मोजणीत साडेअकरा भरतात. तिने टोकाला टोक लावलं, एकदा घसरलं, पुन्हा लावलं. साडेबारा. पुन्हा मोजलं. साडेबारा.

"म्हणजे खोटं?" तिचा चेहरा उतरला.

"खोटं नाही. १८८० मध्ये हीच तिकिटं संग्राहकांसाठी पुन्हा छापली होती, काही मूळ रंगांत, काही भलत्याच रंगांत. प्लेट खरी, छापलं संस्थानानेच. पण टपालासाठी नाही. तुझं तिकीट बहुधा त्यातलं."

खरं आणि खोटं यांच्या मध्ये ही तिसरी खोली आहे, आणि तीन सेकंदांच्या निकालात तिचं दारच उघडत नाही. "अस्सल आहे, जप" एवढ्यावरच सोडलं असतं, तर ती उद्या कुणाला ते मूळ म्हणून विकून बसली असती, नकळत. "खोटं आहे, फेक" म्हटलं असतं, तर सव्वाशे वर्षांपेक्षा जुना कागद कचऱ्यात गेला असता.

तिने वडिलांकडून पेन्सिल मागून घेतली. वहीच्या पानावर, तिकिटाच्या खाली, बारीक अक्षरात लिहिलं : पुनर्मुद्रण, १८८०. दाते १२½. मी मोजले.